कोकणात घरच्या घरी गाडी धुवायची आणि चमक टिकवायची कशी? (आधी हातातलं सुकं फडकं खाली ठेवा)

सकाळी उठून चहा व्हायच्या आधी डिकीतलं फडकं काढायचं नि गाडीवरची धूळ सपासप पुसून टाकायची, हे मी पहिली दोन वर्षं रोज केलं. न चुकता. मला वाटायचं आपल्याइतकी गाडीची काळजी आख्ख्या वाडीत कोणी घेत नाही. मग एका गणपतीत अंगणात लाइटची माळ सोडली, तिचा उजेड बॉनेटवर पडला नि बघतो तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे, बॉनेट, छप्पर, चारी दरवाजे, सगळीकडे. गाडी गडद निळी, त्यामुळे लपायचा प्रश्नच नाही. कोणी दुसऱ्याने नव्हते मारले, मीच मारलेले, रोज थोडे थोडे.

आपल्याकडची तांबडी धूळ म्हणजे जांभ्या दगडाचा भुगा. त्यात लोहाची ऑक्साइडं नि क्वार्ट्झचे बारीक कण. सोनार पॉलिशला जी लाल पावडर वापरतात ना, तीसुद्धा लोहाची ऑक्साइडच, फक्त ती गाळून एकसारखी केलेली असते आणि आपली रस्त्यावरची खडेमीठ टाकल्यासारखी. त्यात समुद्राकडून येणारं खारं वारं, म्हणजे धुळीबरोबर मीठ पण. आणि गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन. केसापेक्षा पातळ. चमक म्हणतो ती या थराची. तो घासत गेला की वरून कितीही महागडं मेण लावा, गाडी मळकटच दिसणार.

म्हणून पुढचं सगळं एकाच गोष्टीवर आहे: धूळ पुसायची नाही, भिजवून वाहून घालवायची. हात नंतर लावायचा.

सामान काय काय लागतं

एकदम सगळं घेऊ नका. मी हळूहळू जमवलं.

- दोन बादल्या, जमल्यास एक लाल एक निळी, म्हणजे गोंधळ होत नाही. चाकांसाठी तिसरी जुनी बादली
- कार शाम्पू, ज्यावर पीएच न्यूट्रल लिहिलंय तो
- मायक्रोफायबरचा हातमोजा. स्पंज नको, स्पंजच्या भोकात खडा अडकतो नि तोच गाडीभर फिरतो
- सुकवायला एक मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल, पुसायला पाच-सहा छोटे
- दोन लिटरचा हातपंप, फवारणीचा. नवा घ्या. घरात आंब्याच्या फवारणीचा पंप आहेच म्हणून तो वापरायचा मोह होतो, त्यात औषधं, बोर्डो मिश्रण काय काय गेलेलं असतं, तो गाडीला लावू नका
- क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ माती), पॉलिश, मेण किंवा सीलंट (मेणासारखाच, पण कृत्रिम थर). हे वर्षातून एक-दोनदाच लागतं
- जुना टूथब्रश, रंगाचा एक मऊ ब्रश, मास्किंग टेप
- पाण्याचा पाइप. प्रेशर वॉशर असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही

काय नको ते पण सांगतो: कपड्याची पावडर, भांड्याचा साबण (चरबी काढतो तसं मेणही काढतो), जुनी बनियन, आणि काथ्या. हसू नका. दरवाज्याखाली सुकलेला चिखल निघेना म्हणून मी एकदा नारळाच्या सोडणाचा काथ्या घेऊन घासला होता. चिखल निघाला. सोबत बरंच काही निघालं.

१. वेळ, जागा आणि पाणी

सकाळी साडेआठच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर थांबा, शाम्पू वाळून डाग पडतात. माडाखाली गाडी लावून धुवू नका. सावली छान असते पण वरून काय पडेल त्याचा भरोसा नाही.

पाण्याचं मात्र नीट बघा, कारण इथे बरेच जण फसतात. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, प्यायला लागतं तेव्हा कळतं पण गाडी धुताना कोणी चव बघत नाही. स्टीलच्या ताटलीवर चार थेंब टाका नि उन्हात वाळू द्या. पांढरी वर्तुळं राहिली की तेच तुमच्या काचेवर नि बॉनेटवर राहणार आहे. असं पाणी असेल तर धुवा त्याने, पण शेवटचं एक बादली पाणी नळाचं किंवा चांगल्या विहिरीचं घ्या. पावसाळ्यात मी पन्हळीखाली पिंप लावतो, ते पाणी शेवटच्या धुण्याला फार सुंदर, डाग म्हणून पडत नाही. फक्त पहिल्या आठ-दहा दिवसांच्या पावसाचं धरू नका, कौलांवरचा वर्षभराचा पाचोळा, शेवाळ, धूळ सगळं त्यात असतं.

२. आधी चाकं

वरून खाली धुवायचं हे सगळ्यांना माहिती असतं, पण चाकं आधी. चाकं घासताना उडालेली घाण धुतलेल्या दारावर येते म्हणून. चाकांची बादली वेगळी, ब्रश वेगळा, कापड वेगळं, आणि ते कापड चुकूनसुद्धा वर आणायचं नाही. एका वॉशिंग सेंटरवर मी डोळ्यांनी बघितलंय, माझ्या आधी डंपरची चाकं ज्या स्पंजने घासली तोच माझ्या बॉनेटवर. तेव्हापासून घरी.

मडगार्डच्या आत पाइपने नीट पाणी मारा. तांबडा चिखल तिथे थापून बसतो, वाळला की मातीच्या भिंतीसारखा होतो, आणि आत मीठ-ओल धरून ठेवतो. गंज तिथूनच सुरू होतो, तुम्हाला दिसतो तेव्हा दोन-तीन वर्षं झालेली असतात.

३. हात न लावता धुणं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आणि सगळ्यात जास्त लोक हेच सोडतात. छपरापासून सुरू करून पाच-सात मिनिटं नुसतं पाणी सोडा. जोरात नको, वाहतं पाहिजे. लाल ओघळ यायचे थांबेपर्यंत. मग हातपंपात शाम्पूचं पाणी भरून सगळ्या गाडीवर फवारा, पाच मिनिटं भिजू द्या (वाळू देऊ नका), परत पाणी. आता बघा, अर्ध्याहून जास्त घाण गेलेली असते आणि तुम्ही अजून गाडीला बोटही लावलेलं नाही.

याच वेळी गाडीच्या खाली पाणी. पाइप जमिनीवर ठेवून, तोंडाला बोट लावून, पुढून मागून बाजूने. समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत राहत असाल तर पंधरा दिवसांतून एकदा तरी. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने ये-जा करत असाल तर त्याच दिवशी केलेलं बरं, वारा असला की बोटीवर तुषार येतात आणि जेटीच्या उतारावर चाकं खाऱ्या पाण्यातून जातात. वाळूत गाडी घालणाऱ्यांना काय सांगायचं? कर्दे काय नि गुहागर काय, दर सीझनला कोणाची तरी रुतते, भरती येते, मग ट्रॅक्टर, मग व्हिडिओ. तुमची गेलीच असेल तर निघाल्यावर पहिल्यांदा गोड्या पाण्याने खालून धुवा, एकदा नाही, दोन-तीनदा, आणि नंतर गाडी थोडी चालवून ब्रेक मारून वाळवा. डिस्कवर केशरी गंजाची साय येते ती दोन-चार ब्रेकमध्ये जाते, तिला घाबरू नका.

खालून जळकं ऑइल किंवा डिझेल फवारायची जुनी पद्धत आहे, माझ्या काकांनी त्यांच्या जीपला जन्मभर केलं. त्याने लोखंडाला पाणी लागत नाही हे खरं पण रबराचे बुश फुगतात, धूळ चिकटून राहते आणि अंगणातली माती खराब होते ती वेगळीच. त्यापेक्षा पावसाच्या आधी गॅरेजमध्ये अंडरबॉडी कोटिंग मारून घ्या.

प्रेशर वॉशर असेल तर दीड-दोन फूट लांब धरा. रंगाचा पोपडा सुटलेला असेल तिथे जवळून मारलंत तर पोपडा मोठा होतो. आणि इंजिनात मारू नका, बॉनेट उघडून फवारे मारणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

४. दोन बादल्या

एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळखळून पिळायचा, मग परत शाम्पूत. बस्स. साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी किती तांबडी माती बसते ते बघितलं की पटतं, ती सगळी नाहीतर परत गाडीवर फिरली असती.

छप्पर, काचा, बॉनेट, डिकी, दरवाज्यांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी खालचा पट्टा. सरळ हात फिरवा, गोल गोल नको. दाबू नका, मोज्याचं स्वतःचं वजन पुरतं. मोजा जमिनीवर पडला तर उचलून लगेच गाडीला लावायचा नाही, आधी नळाखाली. माझ्या मुलाला हे शिकवायला मला सहा महिने लागले.

५. सुकवणं

आपोआप वाळू देऊ नका, डाग पडतात. मोठा टॉवेल पसरून अंथरायचा, हलकेच ओढून घ्यायचा. आरशांच्या आत, नंबर प्लेटच्या मागे, डिकीच्या कडेला पाणी लपलेलं असतं ते पाच मिनिटांनी ओघळतं, म्हणून चहा पिऊन परत एक फेरी. चारी दारं उघडून कडा पुसा.

दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, पाणी निचरायला. चिखलाने ती बुजतात आणि दार आतून सडतं. काडीने मोकळी करा. तसंच वायपरच्या खालच्या जाळीत आंब्याची पानं नि बकुळीची फुलं साठतात, ती हाताने काढा, नाहीतर पाणी तुंबून पुढच्या सीटच्या पायाशी येतं.

६. धुऊनही न निघणाऱ्या गोष्टी

इथे घाई केलीत की ओरखडा पडलाच. प्रत्येकाला वेगळा उपाय.

*पक्ष्यांची शीट आणि वटवाघळं:* कावळ्याची शीट आंबट असते, उन्हात दोन दिवस राहिली तर क्लिअर कोट खाते. ओलं कापड पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचला, घासू नका. जांभळाखाली गाडी लावली असेल तर वटवाघळं रात्रीत जे करून ठेवतात ते सकाळीच काढा, दुपारपर्यंत थांबू नका.

*मोहोराच्या दिवसातला चिकटा:* जानेवारी ते मार्च आंब्याच्या कलमाखाली गाडी लावली की सगळी चिकट होते. तुडतुडे गोड चिकट रस सोडतात तो खाली पडतो, त्यावर नंतर काळी बुरशी धरते. कोमट पाणी आणि शाम्पू, दोनदा. वाळलेला असताना खरवडायला जाऊ नका. खरं म्हणजे त्या दिवसात गाडी कलमाखाली लावूच नका.

*आंब्याचा चीक, काजूचे डाग:* हे ताजे असताना पाण्याने जातात. वाळले तर पूर्ण निघतीलच असं नाही.

*डांबर:* महामार्गाचं काम जिथे चालू असतं तिथून आलात की खालच्या पट्ट्यावर काळे ठिपके. कापडावर थोडं रॉकेल घेऊन ठिपक्यावर अर्धा मिनिट धरा, डांबर सुटतं, अलगद उचला आणि लगेच शाम्पूने धुवा. हेडलाइटच्या प्लास्टिकला नि रबराला रॉकेल लावू नका.

*खरखर:* धुतलेल्या बॉनेटवर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. नुसत्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. ती असेल तर क्ले बार. शाम्पूचं पाणी भरपूर फवारायचं, मातीचा तुकडा चपटा करून हलकेच मागे-पुढे फिरवायचा, घाण दिसली की मळून नवी बाजू वर आणायची. सुक्यावर फिरवलात तर संपलं. आणि क्लेचा तुकडा खाली पडला तर तो फेकून द्या, किती का महाग असेना, त्याला लागलेली वाळू निघत नाही.

७. पॉलिश: हवं असेल तरच

पॉलिश आणि मेण एकच असं दुकानदार पण सांगतात. नाही. पॉलिश क्लिअर कोट थोडासा घासून काढतं, म्हणून ओरखडे कमी दिसतात. मेण वरून थर देतं. पॉलिश म्हणजे केस कापणं, मेण म्हणजे तेल लावणं. कापलेला क्लिअर कोट परत येत नाही, त्यामुळे वर्षातून एकदा, ते पण गरज असेल तर. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने जाणार नाही, त्याच्या मागे लागू नका.

काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना आधी मास्किंग टेप, नाहीतर पांढरे डाग पडतात आणि ते काढताना रडू येतं. दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा, वाटाण्याएवढं पॉलिश, हाताने. आधी कुठल्यातरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. कडांवर जोर नको, तिथे रंग पातळ असतो. मशीन भाड्याने आणून पहिल्याच दिवशी स्वतःच्या गाडीवर शिकू नका. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश नाही नि मेणही नाही. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग केलं असेल तर त्या भागाला महिनाभर काही लावू नका.

८. मेण की सीलंट?

कार्नोबा मेण मिळतं ते ब्राझीलमधल्या एका माडासारख्या झाडाच्या पानांवरून काढतात. पानातलं पाणी उन्हाने उडू नये म्हणून झाड स्वतःच ते लावून घेतं. मला हे वाचल्यावर आमच्या झावळ्यांचा राग आला, खराट्यापलीकडे काही देत नाहीत. असो. कार्नोबाची चमक खोल, गडद रंगाला तर फारच, पण आपल्या उन्हात-पावसात माझ्या गाडीवर ते महिना-सव्वा महिन्याच्या वर टिकलेलं नाही. कृत्रिम सीलंट चार महिने तरी जातं, म्हणून पावसाच्या आधी सीलंट, आणि दिवाळीला हौस म्हणून मेण.

लावायचं अगदी पातळ. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, फक्त पुसताना खांदे दुखतात. थोडं वाळून धुरकट झालं की बोटाने एक रेघ ओढा, स्वच्छ रेघ उठली तर पुसायला तयार. बाटलीवर लिहिलेल्या वेळेवर जाऊ नका, आपल्या दमट हवेत जास्त वेळ लागतो, आणि पाऊस चालू असताना तर लावूच नका, नुसतं चिकटून बसतं. सीलंट लावल्यावर ती रात्र गाडी पडवीत किंवा शेडमध्ये ठेवा, थंडीत दहिवर पडतं ते त्यावर नको.

मेण संपलं कधी ते पाणी सांगतं. पाणी टाकल्यावर आळवाच्या पानावर राहतात तसे थेंब राहिले तर आहे, सपाट पसरलं तर गेलं.

९. काचा, रबर, बॅटरी

काचेला वेगळं कापड, मेणाचं कापड काचेला लागलं की रात्री समोरच्या गाडीचा लाइट पसरतो. आतून वर-खाली, बाहेरून आडवं पुसा, म्हणजे राहिलेला डाग कुठल्या बाजूला आहे ते कळतं. दाराच्या रबराला सिलिकॉन. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी साय आली असेल तर साफ करून पेट्रोलियम जेली, खाऱ्या हवेत ती साय लवकर येते.

१०. आतून

आतला खरा शत्रू दोन: बुरशी आणि मासळी.

बुरशी म्हणजे श्रावणात आठ-दहा दिवस गाडी बंद राहिली की स्टिअरिंगवर, बेल्टवर, सीटवर पांढरी लव येते. चाकरमान्यांना हे माहीत नसतं, गावाला ठेवलेली गाडी गणपतीला उघडतात नि दचकतात. सुक्या कापडाने झटकू नका, आत पसरते (परत तेच, सुकं फडकं!). अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, कापड पिळून पुसा, खऱ्या चामड्याला सोडून. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडकवा नि वाळवा. रबरी मॅट उचलून खालचा गालिचा दाबून बघा, तिथे ओल असते आणि कोणी बघत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं एसी लावून गाडी चालवा, एसी हवेतली ओल खेचतो.

मासळीचं म्हणाल तर बर्फाचं पाणी एकदा डिकीच्या गालिच्यात मुरलं की अत्तर, कापूर, काही चालत नाही, नुसता अत्तर लावलेला बांगडा होतो. गालिचा बाहेर काढा, शाम्पूच्या थंड पाण्याने धुवा, वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा नि झाडा, लागलं तर परत करा, दोन दिवस उन्हात टाका. स्टेपनीच्या खळग्यात पण बघा, पाणी तिथे उतरतं. आता मी डिकीत कायम एक झाकणाचा प्लास्टिकचा क्रेट ठेवतो, आंबे असोत की सुरमई.

कधी काय करायचं

साधं धुणं (१ ते ५) आठवड्याने, अगदीच नाही जमलं तर पंधरा दिवसांनी. पावसाने गाडी आपोआप धुतली जाते असं समजू नका, वरचं धुतलं जातं आणि खालचं भरतं. सगळं साग्रसंगीत वर्षातून दोनदा: मिरगाच्या आधी, मेअखेरीस, आणि पाऊस ओसरला की. त्याला एक आख्खा दिवस ठेवा.

दसऱ्याच्या पूजेनंतर कुंकवाचं स्वस्तिक नि झेंडूची माळ दोन-दोन दिवस बॉनेटवर ठेवू नका. पूजा करा, पण संध्याकाळी माळ उचलून ठेवा नि कुंकू पाण्याने वाहून घालवा, पांढऱ्या गाडीवर त्याचा गुलाबी डाग राहिलेला मी बघितलाय. आणि गाडीचं कव्हर धुळकट गाडीवर घालणार असाल तर घालूच नका, वारा सुटला की ते कव्हरच फडक्यासारखं घासत बसतं, पावसाळ्यात आत ओलही धरतं.

मग रोजच्या धुळीचं काय करायचं, असं माझे शेजारी विचारतात. काही नाही. काचा तेवढ्या पाणी मारून पुसा नि कामाला जा. पहिले पंधरा दिवस हात शिवशिवतात, म्हणून मी ते जुनं फडकं डिकीतून काढून सायकल पुसायला दिलंय.